बाकावरून दिसलेले हात

सूर्यभानचं पत्र दिवाळीच्या आधी आलं होतं, आणि उत्तमराव साळव्यांनी त्याला अजून उत्तर दिलेलं नव्हतं. निळं आंतरदेशीय पत्र. ते त्यांनी आधी रेडिओमागे ठेवलं, मग पुस्तकांच्या रांगेमागे, मग गादीखाली; आणि दर वेळी जागा बदलताना उभ्याउभ्या पुन्हा एकदा वाचलं. आता ते घड्यांवर विरत चाललं होतं. मजकूर पाठ होता, तरी हात तिकडे जायचाच. दाराला कुलूप लावलंय की नाही हे बघायला माणूस निम्म्या वाटेवरून परत येतो, तसं त्यांचं चाललं होतं.

पत्रात बाकी सगळं खुशालीचं होतं. विचारलेलं एकच होतं. 'सर, तुम्ही हात वर न्यायला सांगितलं, तसे नेतो आहे. पण चेंडू उजवीकडे पळतो. हात अजून वर नेऊ, की पहिल्यासारखे करू? इथे प्रत्येक जण वेगळं सांगतो. मी तुम्ही सांगाल तेच करीन. डिसेंबरअखेर परीक्षा आहे.'

'तुम्ही सांगाल तेच' या तीन शब्दांपाशी उत्तमराव दर वेळी अडखळत. आपण सांगावं आणि कुणी तसं करावं, अशी वेळ त्यांच्यावर आयुष्यात फार आली नव्हती.

नोकरीची सगळी वर्षं त्यांनी नगरच्या छावणीत, अधिकाऱ्यांच्या ग्रंथालयात काढली होती. पुस्तकं द्यायची, परत आली की जागेवर लावायची, वाळवी लागू द्यायची नाही, आणि उरलेल्या वेळात वाचत बसायचं. बदली होऊन गेलेल्या कुणा अधिकाऱ्याने गोल्फवरची काही इंग्रजी पुस्तकं तिथे ठेवून दिली होती. ती कुणी नेत नसे, म्हणून उत्तमरावांनी ती वाचली. खेळाचं त्यांना काही नव्हतं, पण पुस्तकांत आकृत्या होत्या. खांद्यांची रेघ, हातांची रेघ, काठी ज्या उतारावरून वर जाते आणि खाली येते तो उतार. भूमिती त्यांना शाळेपासून आवडायची. वाचता वाचता त्या आकृत्या त्यांच्या डोक्यात इतक्या पक्क्या बसल्या, की गोल्फची काठी कधी हातात न धरता ते त्या खेळातले जाणकार झाले. निदान त्यांना स्वतःला कधीकधी तसं वाटे, आणि वाटलं की लगेच लाजही वाटे.

संध्याकाळी भिंगारच्या घराकडे परतताना ते छावणीतल्या गोल्फच्या मैदानाशी थांबत. कडेला कडुनिंबाखाली एक सिमेंटचा बाक होता. समोर तिरकं, थोड्या अंतरावर, सराव करायची जागा. जवळ येऊ नका असं त्यांना कधी कुणी म्हटलं नव्हतं. पण या असंही कुणी म्हटलं नव्हतं, आणि उत्तमरावांना तेवढं पुरे होतं. निवृत्त झाल्यावरही ते बाकावर जाऊन बसत.

सूर्यभान पगारे त्याच मैदानावर कॅडी होता. खेळणाऱ्यांच्या पिशव्या खांद्यावर घेऊन त्यांच्यामागे चालायचं, चेंडू हुडकायचे. बुटका, रुंद खांद्यांचा, तिशीला आलेला माणूस. साहेब लोक गेले की कुणाची तरी टाकून दिलेली काठी घेऊन एकटाच चेंडू मारत राही. मग बाकाशी येऊन पाणी पिई, 'काय सर, काय वाचलं आज?' म्हणे. अशाच एका संध्याकाळी उत्तमरावांनी धीर करून त्याला सांगितलं होतं, "सूर्यभान, तुझे हात पडतात."

"पडतात म्हणजे?"

"भिंतीला टेकवून ठेवलेलं चाक डोळ्यापुढे आण. खालची कड चेंडूपाशी, आणि मधला आस तुझ्या छातीत. काठी त्या चाकाच्या कडेकडेने गेली पाहिजे. तुझे खांदे त्या उतारावर फिरतात, पण हात त्याच्या खाली जाऊन अंगाभोवती गुंडाळतात. जरा वर ने."

सूर्यभानने मान डोलावली होती. पुढे त्याला पुण्यातल्या एका क्लबात शिकवणाऱ्याचा मदतनीस म्हणून काम मिळालं. परीक्षेत पास झाला तर शिकवणारा म्हणून कायम. नाही तर पुन्हा पिशव्या. आणि आता त्याचा चेंडू उजवीकडे पळत होता.

डिसेंबर सरत आला तेव्हा सूर्यभानची आई दारात उभी राहिली.

"जय भीम, सायेब."

"जय भीम, रंगुबाई. या, बसा."

"बसते कशाला! बहिनीचं पोरगं गेल्तं पुन्याला, सूर्यभानला भेटून आलं. त्यो म्हनला, सरांचं पत्र न्हाई अजून, सर इचार करत असतील. म्हनला, आईला सांग, सरांना तरास देऊ नको." रंगुबाईंनी पदर सावरला. "म्हून मी आले तरास द्यायला."

आतून उत्तमरावांच्या पत्नी, रतनबाई, मोठ्याने हसल्या.

"परीक्षा कधी आहे?" उत्तमरावांनी विचारलं.

"म्होरल्या सोमवारी. सायेब, त्यो धड जेवत न्हाई म्हनं. हात वर, हात वर, येकच ध्यास. भाकर खाया बसला तरी हात वरच राहायचा येखाद्या दिशी!" त्या हसल्या, पण हसू टिकलं नाही. "तिथं समदे शिकलेले हायेत. पर त्यो तुमच्याबिगर कुनाचं ऐकत न्हाई. तुमी येक शबुद लिवा. व्हय तर व्हय, न्हाई तर न्हाई."

"लिहितो," उत्तमराव म्हणाले.

रंगुबाई गेल्या. रतनबाई तांब्या घेऊन बाहेर आल्या. "दिवाळीपासून लिहिताय."

"अगं, पण लिहू काय? अजून वर ने म्हटलं आणि चुकलं तर? पहिल्यासारखं कर म्हटलं, तर मग आधी सांगितलं ते कशाच्या जोरावर?"

"ते मला काय कळतं? त्या बाईला मात्र दारात उभं ठेवलंत."

उत्तमरावांना बसवेना. त्यांनी पुस्तक काढलं. ग्रंथालयातून रद्दीत निघालेलं एक त्यांनी रीतसर मागून घरी आणलं होतं. त्यातली खांद्यांची रेघ आणि हातांची रेघ त्यांनी परत परत बघितली. आकृतीत काही खोट नव्हती. मग खोट कुठे होती? ते अंगणात गेले, आत आले, पाणी प्यायले, पुन्हा अंगणात गेले. संध्याकाळी तडक वेशीजवळच्या एसटीडी बूथवर जाऊन त्यांनी पत्रावर लिहिलेला पुण्याच्या क्लबचा नंबर फिरवला.

"हां, बोला. कोण हवंय?" पलीकडून घाईचा आवाज.

"सूर्यभान पगारे."

"तो मैदानावर आहे. काय निरोप?"

निरोप! खांदे, हात, उतार, चाक. आणि मुळात निरोप काय द्यायचा हेच ठरलेलं नव्हतं. काचेच्या दाराबाहेर दोन माणसं ताटकळत होती. "काही नाही, असू द्या," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि घरी येताना गल्ली चुकले. जिथे सगळा जन्म काढला तिथे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मच्छरदाणीची काठी सोडवली आणि अंगणाच्या मधोमध एक कांदा ठेवला. जे दुसऱ्याला करायला सांगितलं ते आपण एकदा तरी करून पाहावं, हा विचार त्यांना इतक्या दिवसांत पहिल्यांदाच सुचला होता. कांद्यासमोर ते वाकून उभे राहिले. डाव्या हाताला भिंत, तिकडे चेंडू मारायचा. उजव्या हाताला कांद्याच्या अगदी सरळ रेषेत स्वयंपाकघराचं दार. तिथे उंबऱ्यावर रतनबाई मेथी निवडत होत्या. समोर उजवीकडे, तिरकं, शेजारचं कुंपण. उत्तमरावांनी खांदे वळवले, आणि सूर्यभानला सांगितलं होतं तसे हात मुद्दाम चांगले वर नेले.

"सर, मच्छर मोठे झालेत वाटतं?" कुंपणावर मच्छिंद्रराव हनुवटी टेकून उभे होते. एस.टी.त कंडक्टर होते; निवृत्तीनंतर साऱ्या गल्लीची चौकशी त्यांच्याकडे आली होती.

"व्यायाम करतोय," उत्तमराव पुटपुटले.

"करा की. पण तो हात असा काय? अंघोळ करून आल्यावर पंचा गुंडाळावा तसा अंगाभोवती गेलाय."

उत्तमराव काठीसकट थिजले. गुंडाळलेले हात! सूर्यभानला त्यांनी हेच सांगितलं होतं. आणि आता तर त्यांनी हात वर नेले होते.

"काहीतरीच बोलता भाऊजी," रतनबाई म्हणाल्या. "चांगला वर गेलाय हात. फळीवरचा डबा काढावा तसा."

"वहिनी, तुमचं लक्ष मेथीत."

"आणि तुमचं लक्ष लोकांच्या अंगणात! चष्मा बदला."

"मला सांगताय? भरल्या गाडीत बिनतिकिटाचा माणूस पाठीवरून ओळखायचो मी."

"मग तेव्हाही निम्मे भलतेच उतरवले असतील."

एरवी या दोघांची जुंपली की उत्तमराव हळूच आत सटकत. आज मात्र ते ओरडले, "थांबा!" त्यांचा आवाज इतका चढला की दोघंही गप्प झाली. "मच्छिंद्रराव, फाटकातून आत या. हिच्या जागी दारात उभे राहा. आणि तू जरा तिकडे कुंपणाशी जा."

"मेथी?"

"मेथी राहू दे!"

जागा बदलल्या. उत्तमरावांनी हात पहिल्यासारखेच वर नेले आणि तसेच धरून ठेवले.

"आता कसं!" दारातून मच्छिंद्रराव म्हणाले. "आता नेले की नाही वर? मगाशी सांगितलं म्हणून सुधारलं."

"सुधारलं कुठं?" कुंपणाकडून रतनबाई म्हणाल्या. "आता गुंडाळलेत. अहो, मगाशी बरे नेत होता, यांचं ऐकून कशाला बिघडवलंत?"

"मी काहीच बदललेलं नाही," उत्तमराव म्हणाले. त्यांनी काठी खाली ठेवली.

स्वयंपाकघराच्या भिंतीला, दारापासून थोडी पलीकडे, सायकलची जुनी रिंग टेकवून ठेवलेली होती, घेवड्याच्या वेलासाठी. सूर्यभानला चाकाचा दाखला त्यांनी दिला होता तो तिच्यावरूनच. ते दारात गेले, मच्छिंद्ररावांना बाजूला सारून भिंतीच्या कडेने रिंगेकडे पाहिलं. रिंग दिसतच नव्हती. भिंतीला एक तिरकी काठी टेकवल्यासारखी फक्त एक रेघ. ते चार पावलं कुंपणाच्या बाजूला सरकले. रेघ फुगली, तिचं पोट दिसू लागलं, आणि आपल्या जवळची कड भिंतीकडे कलंडल्यासारखी भासली. रिंग तर जागची हललीही नव्हती. ते परत दारात गेले, परत कुंपणाशी आले. तिसऱ्यांदा निघाले तेव्हा मच्छिंद्रराव हळूच म्हणाले, "वहिनी, सरांना उन्हाचा त्रास होतो का हो?"

उत्तमराव पायरीवर बसले. "कडुनिंबाचा बाक तिरका आहे," ते म्हणाले. "मी कायम तिथूनच बघत आलो. सूर्यभानच्या मागे, सरळ रेषेत, मी कधी उभाच राहिलो नाही."

"का?" रतनबाईंनी विचारलं.

लाज वाटायची, एवढंच. आणि ते साठीच्या माणसाने अंगणात मोठ्याने म्हणण्यासारखं नव्हतं.

"मग आता राहा उभे," त्या म्हणाल्या.

"तो पुण्यात आहे."

"मैदान तर इथंच आहे ना? दुसरं कुणी खेळत असेलच."

चार वाजता उत्तमराव बाकावर होते. गवत पिवळं पडलं होतं आणि वारा धूळ उडवत होता. सरावाच्या जागेवर एक स्थूल, वयस्क अधिकारी एकटाच चेंडू मारत होता. बाकावरून त्याचे हात नेहमीसारखेच दिसले. खांद्यांच्या उतारावरून घसरून अंगाभोवती गेलेले. उत्तमरावांच्या मनात लख्ख आलं की नेहमीसारखेच म्हणजे सगळ्यांसारखेच. इतक्या वर्षांत या मैदानावर जो जो आला, त्याचे हात पडतात असंच त्यांचं मत झालं होतं. एवढी मोठी फौज, आणि एकाचेही हात धड नाहीत, याचं त्यांना कधी नवल वाटलं नाही! आणि हे मत त्यांनी एवढ्या माणसांपैकी फक्त एकालाच ऐकवलं. जो मान डोलावेल त्यालाच.

ते उठले. बाक ते सरावाची जागा हे अंतर एखादं पोर धावत जाईल एवढंच होतं. मध्येच वाटलं, परत फिरावं, उद्या यावं. पण उद्याचं पत्र सोमवारच्या आत पोचणार नव्हतं. ते चालत राहिले आणि चेंडूच्या रेषेत, अधिकाऱ्याच्या मागे बरंच अंतर सोडून उभे राहिले.

अधिकाऱ्याने वळून पाहिलं. "जी? कुछ काम है?"

"नहीं, साहब. सिर्फ देखना था." पुढचं म्हणायला त्यांना जोर करावा लागला. "यहाँ से."

"देखिए, देखिए. बस, हँसिए मत."

एवढंच? इतकी वर्षं ज्याची परवानगी मागायचा धीर झाला नव्हता ते एवढंच होतं?

अधिकारी वाकला, वळला. खांदे फिरले, आणि डावा हात त्या खांद्यांच्याच उतारावर, जणू एकाच फळीवर ठेवल्यासारखा, वर गेला. पडला नाही, गुंडाळला नाही. उत्तमराव बघत राहिले. पुढचा चेंडू, त्याच्या पुढचा. बाकावरून दिसायची ती खोट इथे नव्हतीच.

तरी शंका सुटेना. हा झाला हा माणूस. सूर्यभानचे हात खरंच पडत असले तर? तेवढ्यात त्यांची नजर मैदानाच्या टोकाच्या पांढऱ्या खांबाकडे गेली. सूर्यभान संध्याकाळी त्या खांबाच्या दिशेने मारायचा, आणि अंधार पडायच्या आत चेंडू वेचायला गेला की फार फिरावं लागत नसे. सगळे चेंडू खांबाच्या आसपासच पडलेले असत. उत्तमरावांनी ते कितीदा पाहिलं होतं. चेंडू कुठे जातो हे त्यांनी विचारातच घेतलं नव्हतं. त्यांचं सगळं लक्ष हातांवर. त्या बुटक्या, रुंद अंगाचे हात आणि खांदे एकत्रच फिरत होते, आणि त्यांनी ते एकमेकांपासून सोडवले होते.

घरी येऊन ते लिहायला बसले. 'प्रिय सूर्यभान, तुझा मी फार मोठा अपराधी आहे' असं एक पान झालं. ते फाडलं. दुसऱ्या पानावर ग्रंथालय, वाचनाची आवड, स्वभावातला भिडस्तपणा इथपर्यंत आले आणि हात थांबला.

रतनबाईंनी मागून वाचलं. "हे कोणासाठी?"

"सूर्यभानसाठी. माफी नको का मागायला?"

"माफी मागा की, सावकाश मागा. पण सोमवारी त्याच्या हातात काठी असणार आहे. तुमची माफी घेऊन तो काय करील? हात कुठं न्यायचे ते सांगा." त्यांनी फडताळातून एक पोस्टकार्ड काढून पुढे टाकलं. "यात मावेल तेवढंच लिहा. तुम्हाला जागा मिळाली की तुम्ही वाहवत जाता."

पोस्टकार्डावर उत्तमरावांनी लिहिलं, 'सूर्यभान, हात पहिल्यासारखेच ने. तुझ्या खांद्यांचा जो उतार, तोच तुझ्या हातांचा होता. मी बाकावरून, तिरक्या जागेवरून बघत होतो, म्हणून मला ते पडलेले दिसले. वर नेऊ नकोस. माझ्या शब्दावर जाऊ नकोस. कुणाला तरी तुझ्या मागे, चेंडूच्या रेषेत उभं कर आणि विचार. आईची प्रकृती चांगली आहे.'

पत्ता लिहिला आणि चपला शोधत ते निघाले. टपालपेटीवर पत्रं काढायची साडेपाचची वेळ रंगवलेली होती. कार्ड निम्मं आत घातलं आणि परत ओढून काढलं. 'कुणाला तरी' हे त्यांना खुपत होतं. पुण्यात प्रत्येक जण वेगळं सांगतो, असं त्यानेच लिहिलं होतं. ते प्रत्येक जण कुठे उभे राहून बघतात, कोण जाणे! उत्तमरावांनी खिशातलं पेन काढलं, कार्ड पेटीच्या पत्र्यावर दाबून धरलं आणि कडेच्या कोऱ्या पट्टीत, आडवं, बारीक अक्षरात लिहिलं, 'रविवारी सकाळच्या गाडीने मी येतो. मागे मी उभा राहीन.'

लिहून झाल्यावर त्यांनी ते पुन्हा वाचलं. पुणे, अनोळखी क्लब, फाटकावरचा माणूस, कोण हवंय, काय काम आहे. हे खोडता येईल का, असंही मनात येऊन गेलं. मग त्यांनी कार्ड आत टाकलं. ते खाली पडल्याचा आवाज आला नाही, म्हणून फटीत बोटं घालून चाचपलं; बोटांना काही लागलं नाही. तरी ते तिथून हलले नाहीत. सायकल टेकवून टपालखात्याचा माणूस आला, त्याने पेटी उघडली, पत्रं थैलीत ओतली.

"काही परत पाहिजे का, बाबा?" तो म्हणाला.

"नाही," उत्तमराव म्हणाले. "जाऊ द्या."